इंग्रजी ओळी झाकून: सोलापुरातला तैवानी सिनेमांचा मँडरिन वर्ग

माझ्या एम्ब्रॉयडरी मशीनच्या पडद्यावर दिवसातून पंधरा-वीस वेळा दोन चिनी अक्षरं उमटतात. ती उमटली की मशीन थांबतं, सहाच्या सहा डोकी गप्प होतात आणि आमच्या मुली उठून बघतात की कुठल्या सुईचा धागा तुटला. शाळेच्या गणवेशांवर बोधचिन्हं भरायचा माझा धंदा आहे, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला. मे-जूनमध्ये रात्री अकरापर्यंत मशीन चालतं. सात वर्षं मी ती दोन अक्षरं बघत आले. त्यांचा अर्थ अनुभवाने ठाऊक झाला होता, वाचता मात्र येत नव्हती. पॅनेलवर इंग्रजीची सोय आहे, पण ते इंग्रजी चिनीपेक्षाही कळायला जड.

आता वाचता येतात. त्वान-श्येन. त्वान म्हणजे तुटणं, श्येन म्हणजे धागा. तैवानात अजून जुनी पारंपरिक लिपी चालते. तिच्यात श्येन लिहिताना डाव्या अंगाला रेशमाची लड काढतात आणि उजव्या अंगाला झरा. उजवा भाग उच्चाराच्या खुणेसाठी घेतलाय, त्याचा अर्थाशी संबंध लावू नका, असं शिकवणारीने बजावलं होतं. पण चादरी-टॉवेलच्या गावात जन्म गेलेल्या बाईला रेशमाच्या शेजारी झरा दिसला की ते अक्षर जन्मात विसरत नाही.

हे ज्या वर्गामुळे झालं, त्याबद्दल कुणीतरी सविस्तर लिहायला हवं होतं. तीन महिने मी तिथे न चुकता बसले, म्हणून मीच लिहिते.

वर्ग सात रस्त्याजवळ, एका दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. एक खोली, चौदा खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर आणि एक प्रोजेक्टर. शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ, रविवारी सकाळी आठ ते दहा. तीन महिन्यांचे पाच हजार. शिकवणारी मुलगी सोलापूरचीच, तिशीतली. तैवान सरकारच्या शिष्यवृत्तीवर तायनान शहरात राहून भाषा शिकून आलेली. आम्ही तिला लाओ-श म्हणतो, म्हणजे गुरुजी किंवा बाई, दोन्हीही. पूर्व भागातले सत्तरीचे एक काका आहेत वर्गात, तेही तिला लाओ-शच म्हणतात आणि ती त्यांना 'काका' म्हणते. पहिल्या दिवशी तिने पुस्तक काढलं नाही की वही काढायला लावली नाही. दिवे घालवले आणि सिनेमा लावला. पडद्याच्या खालच्या कडेला तिने एक जाड पुठ्ठा आधीच लावून ठेवला होता. इंग्रजी ओळी त्याच्यामागे गेल्या.

तो पुठ्ठा म्हणजेच हा वर्ग. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.

आमच्यातल्या बहुतेकांनी आधी मोबाइलवर मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषा, शिकून बघितलं होतं. तिथे सगळं इंग्रजीतून. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पिनयिन नावाची पद्धत आहे, तीही आपण इंग्रजीच्या सवयीने वाचतो आणि तिथेच पाय घसरतो. पिनयिनमध्ये बी दिसला की आपण 'ब' म्हणतो. खरा आवाज आपला 'प' आहे. पी दिसतो तिथे आवाज 'फ', पण फळातला, ओठ मिटून सोडलेला. डी म्हणजे 'त', टी म्हणजे 'थ'. जी म्हणजे 'क', के म्हणजे 'ख'. म्हणजे तैवानच्या राजधानीचं नाव इंग्रजीच्या मार्गाने आलं तर ताइपे, आणि तिथल्या माणसाच्या तोंडून आलं तर थाय-पेइ. अल्पप्राण आणि महाप्राण हा फरक इंग्रजी माणसाला महिनोन्महिने घोटावा लागतो. आपण तो पहिलीत बाराखडी म्हणताना शिकून मोकळे झालो आहोत.

'च'ची गंमत तर फक्त मराठी माणसालाच कळेल. आपल्याकडे चाकातला 'च' वेगळा आणि चिमणीतला 'च' वेगळा. लिहितो एकच, बोलतो दोन. मँडरिनमध्ये हे दोन्ही आहेत आणि त्यांच्यामुळे अर्थ बदलतो. चाकाचा 'च' घेऊन 'चाओ' म्हटलं तर सकाळ. चिमणीचा 'च' घेऊन 'च्याओ' म्हटलं तर हाक मारणं. लाओ-शने हे दोन शब्द फळ्यावर न लिहिता नुसते म्हणून दाखवले. चौदाच्या चौदा जणांनी पहिल्या फटक्यात बरोबर म्हटले. मला त्या दिवशी आपल्या भाषेचा फार अभिमान वाटला.

तैवानातली मुलं शाळेत पिनयिन शिकत नाहीत. त्यांची ३७ खुणांची वेगळी उच्चारमाला आहे. ती पो, फो, मो, फ अशी सुरू होते. आपली कंठापासून निघून ओठांपर्यंत येते, त्यांची ओठांपासून निघून आत जाते. लाओ-शने दोन्ही माळा फळ्यावर शेजारी मांडल्या तेव्हा काका खुर्चीतून उठून फळ्यापाशी गेले आणि बोट लावून एकेक अक्षर जुळवत उभे राहिले.

स्वरांची चढउतार मात्र आपल्याकडे नाही आणि तिथे मेहनतीला पर्याय नाही. चार सूर आहेत. एकच 'मा' पहिल्या सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिव्या देणं. लाओ-शची शिकवायची युक्ती अशी: पहिला सूर म्हणजे मिलचा भोंगा, उंच आणि सरळ. दुसरा म्हणजे दुसऱ्या खोलीतून आलेली हाक नीट ऐकू आली नाही की आपण विचारतो ते 'काय?'. तिसरा म्हणजे मनात नसताना दिलेलं 'बरंऽ', खाली जाऊन किंचित वर येणारं. चौथा म्हणजे मुलाने गॅसला हात लावला की निघतं ते 'नको!'. भोंगा म्हटल्यावर काकांचे डोळे चमकले. त्यांचे वडील मिलमध्ये होते. त्यांनी तोंडाने जो भोंगा वाजवला तो इतका सरळ होता की तेव्हापासून पहिला सूर चुकला की लाओ-श नुसतं काकांकडे बघते आणि काका भोंगा देतात.

आता सिनेमांकडे येते.

पहिला सिनेमा आंग ली यांचा, १९९४ सालचा. इंग्रजीत त्याचं नाव 'ईट ड्रिंक मॅन वुमन'. मूळ नाव 'यिन श नान न्यू'. यिन म्हणजे पिणं, श म्हणजे खाणं. म्हणजे ते 'पिणंखाणं' म्हणतात आणि आपण 'खाणंपिणं'. इंग्रजी नावात तो क्रम उलटा करून घेतलाय. हे शब्द त्यांच्या प्राचीन 'लीची' या ग्रंथातले आहेत. अन्न आणि स्त्री-पुरुषांची ओढ या माणसाच्या मोठ्या इच्छा, असं तिथे म्हटलंय. सिनेमा थायपेइतल्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याचा आणि त्याच्या तीन मुलींचा आहे. दर रविवारी बाप राबून टेबल भरतो. मुली येऊन बसतात आणि कुणाचंच मन ताटात नसतं. बापाच्या जिभेची चवही गेलेली आहे.

सुरुवातीची काही मिनिटं नुसता स्वयंपाक चालतो. मासा, सुरी, वाफ, कढईचा चर्रर्र आवाज. आमच्यात दोघं माळकरी घरातले होते, त्यांनी मासा आला की मान खाली घातली, कढई आली की वर काढली. तिन्ही मुलींच्या नावात पहिलं अक्षर च्या. च्या म्हणजे घर, कुटुंब. ते अक्षर लिहायचं तर वर छप्पर आणि खाली डुक्कर. ज्या घरात जनावर बांधलंय ते घर, अशी त्याची घडण. आपल्याकडे दावणीला बैल असला की घर भरलेलं म्हणतात, ते मला आठवलं.

वर्गातली पद्धत अशी. सिनेमा पुठ्ठा लावून एकदा सलग बघायचा. मग लाओ-श त्यातला दोन मिनिटांचा एक तुकडा निवडते आणि पुढचे दोन तास तोच. एकेक वाक्य थांबवून, ऐकून, म्हणून, पुन्हा म्हणून. शेवटी प्रत्येकाने त्या तुकड्याला आपल्या वहीत मराठी ओळी लिहायच्या. सगळ्यात शेवटी पुठ्ठा काढायचा आणि इंग्रजीवाल्याने काय लिहिलंय ते बघायचं.

दर वेळी पुठ्ठा निघाला की खोलीत कालवा व्हायचा. एक पाहुणा घरातून निघतो आणि यजमान दारात म्हणतो 'मान-चो' (चाकाचा च). शब्दशः 'हळू चाल'. इंग्रजीत नुसतं 'गुडबाय'. आम्ही चौदा जणांनी न ठरवता एकच ओळ लिहिली होती: सावकाश जा. 'छ्र-फान' म्हणजे शब्दशः भात खाणं, पण अर्थ जेवणं. मग त्या घरात भाताऐवजी दुसरं काही असलं तरी तेच म्हणायचं. कर्नाटकच्या सीमेवरून येणाऱ्या एका शिक्षिकेने लिहिलं, 'भाकरी खाल्ली का?' आणि लाओ-शने तिची वही सगळ्यांना दाखवली. 'छ्र-पाओ-ल-मा' म्हणजे पोट भरलं का. जुनी माणसं हे भेटल्यावर विचारतात, नमस्कार म्हणून. 'पु-हाओ-ईस' या शब्दांवर मात्र वीस मिनिटं गेली. तैवानी माणूस हे दिवसभर म्हणतो. बसमधून उतरताना, दुकानात काही विचारताना, कुणाला हाक मारताना. माफी म्हणावी तर तेवढी मोठी नाही, आणि आभारही नाहीत. कुणी 'माफ करा' लिहिलं, कुणी 'क्षमस्व'. शेवटी औषधनिर्माण शिकणाऱ्या एका पोराने म्हटलं, 'अहो, जरा...' आणि तेच ठरलं. तीन ठिपक्यांसकट.

मी हा सिनेमा घरी पुन्हा लॅपटॉपवर लावला, पुठ्ठ्याऐवजी खाली कागद चिकटवून. सासूबाई लसूण सोलत शेजारी बसल्या. 'काय बघालीस गं?' म्हणाल्या. मग गप्प झाल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, चिनीचा तर प्रश्नच नाही. अर्ध्या तासाने म्हणाल्या, 'इतकं रांधालाय बाप, आन् पोरींचं ताटात ध्यानच न्हाई.' मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं.

दुसरा सिनेमा एडवर्ड यांग यांचा 'यी यी', सन २०००. याच सिनेमासाठी त्यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला. जवळपास तीन तासांचा. थायपेइतलं एक कुटुंब, सुरुवातीला लग्न आणि शेवटी अंत्यविधी. मधे घरातली आजी बेशुद्ध पडलेली. डॉक्टर सांगतात तिच्याशी बोलत राहा, आणि घरातला एकेकजण पलंगाशेजारी बसून बोलायचा प्रयत्न करतो. मुलगी रडते, कारण आईला सांगायला तिच्याकडे रोज तेच ते आणि ते मिनिटभरात संपतं. आमच्या वर्गात त्या दिवशी कुणी वाक्य थांबवायला सांगितलं नाही. आठ वर्षांचा नातू लोकांच्या डोक्यांचे मागून फोटो काढतो, कारण ते त्यांना स्वतःला दिसत नाही. शेवटी तो एका कागदावरून आजीला उद्देशून वाचून दाखवतो. सुरुवात 'फो-फो, त्वे-पु-छी' अशी. आजी, माझं चुकलं. लहान मुलाने संथ वाचलेलं ते निवेदन पुठ्ठ्याशिवाय समजलेलं माझं पहिलं सलग मँडरिन. सगळं नाही समजलं. अर्धं समजलं, आणि ते अर्धं पुरेसं होतं.

नात्यांची गोष्ट याच सिनेमात उलगडली. इंग्रजी ओळींमध्ये सगळे 'अंकल' नाहीतर 'आंटी'. मूळ आवाजात आईचा भाऊ च्यो-च्यो, म्हणजे मामा. वडिलांची बहीण कू-कु, म्हणजे आत्या. मावशी वेगळी, वडिलांचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा. ज्या मामाच्या लग्नाने सिनेमा सुरू होतो त्याला सगळे आ-ती म्हणतात. ते नाव नव्हे, त्याचा अर्थ 'धाकटा भाऊ'. आपल्याकडे एखाद्याला अख्खी गल्ली 'दादा' म्हणते आणि खरं नाव रेशनकार्डावरच असतं, तसंच. इंग्रजीतून हे सिनेमे बघणाऱ्याला घराचा नकाशाच मिळत नाही. आपल्याला तो ऐकता ऐकता मिळतो. एक अडचण आहे: मा-मा म्हणजे त्यांची आई, आणि पा-पा म्हणजे वडील. वडील लगेच बसले, पण आईला मामा म्हणायला माझी जीभ महिनाभर तयार नव्हती.

लग्नावरून आठवलं. तिथे आहेर लाल पाकिटात देतात आणि रक्कम सम असावी लागते. विषम रक्कम अंत्यविधीच्या पांढऱ्या पाकिटात. चार आकडा टाळायचा, कारण चार आणि मरण या शब्दांचा उच्चार जवळपास सारखा. आपण हौसेने ५०१ देतो. इथून तिकडे कामाला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसऱ्या सिनेमाने वर्गाचं रूपच बदललं. होउ श्याओ-श्येन यांचा १९८९ सालचा, 'अ सिटी ऑफ सॅडनेस'. व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. तो सुरू झाला आणि आम्हाला काहीच कळेना. दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असं वाटलं. लाओ-शने दहा मिनिटं आम्हाला तसंच बसू दिलं, मग थांबवून म्हणाली, ही माणसं मँडरिन बोलतच नाहीयेत. ती तैवानी बोलतायत, हॉक्येन. काही जपानी बोलतायत.

मग तिने सांगितलं. १८९५ ते १९४५ तैवानवर जपानचं राज्य. पन्नास वर्षं शाळा-कचेऱ्यांतली भाषा जपानी, घरातली हॉक्येन किंवा हक्का, डोंगरातल्या आदिवासींच्या त्यांच्या स्वतःच्या. जपान हरला, चीनचं राष्ट्रवादी सरकार आलं आणि मँडरिन राजभाषा झाली. २७ फेब्रुवारी १९४७ च्या संध्याकाळी थायपेइत सिगारेट विकणाऱ्या एका बाईला सरकारी माणसांनी मारहाण केली. दुसऱ्या दिवसापासून उद्रेक झाला आणि त्यानंतरच्या दडपशाहीत हजारो माणसं मारली गेली. १९४९ ला मार्शल लॉ लागला, तो १९८७ ला उठला. अडतीस वर्षं. शाळेत तैवानी बोललं की मुलांना शिक्षा व्हायची.

'मार्शल लॉ' हा शब्द सोलापुरात समजावून सांगावा लागत नाही. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे फासावर गेले. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आम्ही रोज जातो. काका इतका वेळ शांत होते. म्हणाले, 'आमच्या घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि उर्दू, शाळेत मराठी. पण तेलुगू बोललो म्हणून मला कुणी मारलं नाही.' मग दिवे घालवून आम्ही सिनेमा पुन्हा पहिल्यापासून बघितला. या वेळी कुणीच समजलं नाही म्हणून तक्रार केली नाही. कोण कुठली भाषा कुणाशी बोलतंय, एवढंच आम्ही टिपत गेलो.

त्यात एक प्रसंग आहे. दवाखान्यातली माणसं नवी राजभाषा शिकतायत. रुग्णाला विचारायचं वाक्य सगळे एकासुरात म्हणतायत: ना-ली थोंग? कुठं दुखतंय? आमच्या खोलीच्या खाली खराच दवाखाना आहे, जिन्यातून औषधांचा वास येत होता. मला भैय्या चौकातलं कोटणीसांचं घर आठवलं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ ला चीनला गेले, तिथली भाषा बोलायला-लिहायला शिकले आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. चिनी लोकांनी त्यांना ख ती-ह्वा म्हटलं. ते गेले मुख्य भूमीवर, सिनेमा आहे तैवानचा. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे आणि तो एकात मिसळू नये. पण 'कुठं दुखतंय' हे वाक्य त्यांनीही असंच कधीतरी पहिल्यांदा जिभेवर घोळवलं असणार, असं वाटून मी त्या दिवशी घरी जाताना वाट वाकडी करून भैय्या चौकातून गेले.

आता तक्रारी. वर्ग आवडला म्हणून त्या लपवणं बरोबर नाही.

सगळ्यात मोठी तक्रार लिपीची. तैवानात पारंपरिक लिपी, चीनमध्ये सोपी केलेली. सोलापुरात ज्यांना कामासाठी मँडरिन लागतं, त्यांच्या मशीनवर, खोक्यांवर, बिलांवर सोपी केलेली अक्षरं असतात. माझ्या पॅनेलवरच्या 'श्येन'मध्ये झरा नाहीच, तिथे वेगळीच थोडक्यात मारलेली खूण आहे. मला ती जोडी स्वतः जमवावी लागली. लाओ-शने शेवटचे दोन रविवार तरी यासाठी ठेवायला हवेत. मी तसं तिला सांगितलं, तिने वहीत लिहून घेतलं.

दुसरं, उच्चार. तैवानात जीभ मागे वळवून म्हणायचे आवाज सैल होतात. 'ष'चा 'स' होऊ लागतो. आपल्याकडे 'ष' लिहितो आणि बोलताना 'श' म्हणतो, तशातलाच प्रकार. ऐकायला गोड आहे, पण नवख्याला 'ष' म्हणजे 'आहे' आणि 'स' म्हणजे 'चार' यांत गोंधळ होतो. ती सूचना देते, पण सराव कमी घेते.

तिसरं, 'अ ब्रायटर समर डे'. एडवर्ड यांग यांचाच १९९१ चा सिनेमा, २३७ मिनिटांचा. वर्गात तो चार शनिवारांत तोडून दाखवला. असा सिनेमा तोडू नये. तिसऱ्या शनिवारी अर्ध्या लोकांच्या भागात पाण्याचा दिवस होता, ते आलेच नाहीत, आणि चौथ्या शनिवारी त्यांना कोण कुणाच्या टोळीतला ते कळेना. एखादा पूर्ण रविवार डबे घेऊन बसावं आणि बघावा, किंवा बघूच नये.

व्याकरणाचा कागद मिळत नाही. चीनच्या एचएसके परीक्षेची तयारी होत नाही. ज्यांना प्रमाणपत्र हवंय त्यांनी इथे येऊ नये.

उलट 'लिटल बिग वूमन' हा २०२० चा सिनेमा तिने शेवटी ठेवला ते फार चांगलं केलं. तायनानमधली हॉटेल चालवून मुली वाढवलेली आई, तिची सत्तरी, आणि त्याच दिवशी कैक वर्षांपूर्वी घर सोडून गेलेल्या नवऱ्याच्या मरणाची बातमी. आईचं काम करणाऱ्या छन शू-फांग यांना ऐंशी ओलांडल्यावर त्यासाठी गोल्डन हॉर्स हा तैवानचा मोठा सिनेपुरस्कार मिळाला. त्यात आई तैवानी बोलते, मुली मँडरिनमध्ये उत्तर देतात, आणि तोवर आम्हाला ते ऐकू येऊ लागलं होतं. लाओ-श स्वतः त्या शहरात राहिलेली. रस्ता दिसला की ती थांबवून सांगायची, या कोपऱ्यावर संध्याकाळी कचऱ्याची गाडी येते, बेथोव्हनच्या 'फ्युर एलिझ'ची धून वाजवत, आणि सगळी माणसं पिशव्या हातात घेऊन खाली उतरतात. आपल्या घंटागाडीसारखंच. कचऱ्याला तिथे ल-स म्हणतात, चीनमध्ये ला-ची.

या दोन देशांतल्या फरकाचा एक प्रसंग सांगते. गेल्या महिन्यात मशीनचा एक सुटा भाग हवा होता. चच्यांग प्रांतातल्या ज्या माणसाशी मी इतकी वर्षं भाषांतराच्या ॲपमधून बोलत होते, त्याला या वेळी थेट फोन लावला. समोर वही, हात गार पडलेले. भाग कधी पाठवणार ते विचारलं. तो बुधवार म्हणाला. खात्री करायला मी पुन्हा म्हटलं, 'शिंग-छी-सान?' आणि पलीकडे तो थांबला. मग हळू, माझ्यासाठी एकेक शब्द सुटा करत त्याने विचारलं, तुम्ही तैवानात शिकलात का? चीनमध्ये त्या 'छी'ला भोंग्याचा सूर लागतो. तैवानात 'काय?'चा. माझा चढला होता.

मी म्हटलं, नाही, सोलापुरात. सिनेमे बघून.

सोलापूर कुठे ते त्याला सांगताना माझे शब्द संपले. भाग बुधवारीच निघाला.

पुढची बॅच जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपली की सुरू होते. जागा चौदाच आहेत. जिन्यात दिवा नाही, तेवढी बॅटरी न्या.